‘पुढील तीन तास’ म्हणजे किती वाजेपर्यंत?

प्रति,
महाराष्ट्राचा हवामान अंदाज तयार करणारे पुणे, मुंबई आणि नागपूर इथले सर्व शास्त्रज्ञ,
आणि तो अंदाज गावोगावी पोहोचवणारे जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाचे अधिकारी

सप्रेम नमस्कार.

मिरज-पंढरपूर रस्त्यानं कवठेमहांकाळ मागे टाकून नागजच्या दिशेनं निघालात की दोन्ही अंगांना हिरव्या जाळ्यांच्या लांबच लांब शेड दिसायला लागतात. पुढं सोलापूर जिल्ह्यात शिरलं की जुनोनी, तिथंही तेच. नवख्या माणसाला त्या रोपवाटिका वाटतात. या आमच्या बेदाण्याच्या शेड. तासगाव, मिरज, जत या भागांतली द्राक्षं इथं वाळायला येतात, कारण इथली हवा कोरडी आहे आणि वाऱ्याला आडवं यायला काही नाही. फेब्रुवारी ते एप्रिल हे आमचे कमाईचे दिवस. नेमके हेच दिवस अवकाळीचे.

हे पत्र लिहितोय त्या आठवड्यात जिल्ह्याला सलग चार दिवस पिवळा इशारा आहे. तुरळक ठिकाणी मेघगर्जना आणि विजांच्या कडकडाटासह हलका ते मध्यम पाऊस, वारा ताशी 30 ते 40 किलोमीटर. दुपारी पारा इतका चढतोय की पत्र्याच्या कडीला हात लावता येत नाही. संध्याकाळी पूर्वेकडून ढग चढतात, घटकाभर गडगडतात, कधी चार थेंब टाकतात, कधी तसेच निघून जातात. चार दिवसांत तीनदा पडदे सोडले आणि तीनदा गुंडाळले.

पडदे सोडणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं बोलणं पटणार नाही.

शेडमध्ये एकावर एक दहा-अकरा जाळ्या ताणलेल्या असतात. पिकलेला घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात दोन-चार मिनिटं बुडवायचा आणि जाळीवर पसरायचा. त्या पाण्यानं मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतला ओलावा झपाट्यानं बाहेर पडतो. नुसतं ठेवलेलं द्राक्ष वाळायला तीन-चार आठवडे घेईल, ते इथं बारा ते पंधरा दिवसांत होतं. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा. माल सावलीतच वाळवायचा, कारण बाजारात हिरव्या रंगाला भाव आहे. त्यासाठी सावली आणि वारा दोन्ही एकदम लागतात. वारा पडला की काम बिघडलं.

पाचव्या-सहाव्या दिवशी मणी सुरकुतायला लागलेला असतो, पण आत ओल असते. बोटांत दाबला तर चिकटतो. अशा वेळी बाजूंचे ताडपत्रीचे पडदे खाली सोडले की आतला वारा थांबतो आणि उकाडा कोंडतो. दोन-तीन तास ठीक. दिवसभर तसंच राहिलं तर मालाला घाम फुटतो, रंग तांबूस होतो आणि एखाद्या कोपऱ्यात बुरशीचा वास यायला लागतो. पडदे वर असताना पाऊस आला तर वाऱ्याकडच्या बाजूच्या सगळ्या जाळ्या भिजतात आणि तो माल काळा पडतो. चार माणसं असली तर एका शेडचे पडदे सोडायला पाऊण तास लागतो.

म्हणजे विनाकारण पडदे सोडले तरी नुकसान, वेळेवर सोडले नाहीत तरी नुकसान. नुसतं ‘सावध राहा’ एवढ्यानं आमचं भागत नाही. कधीपासून आणि कधीपर्यंत, हे कळायला हवं.

तुमचं काम किती अवघड आहे, याची मला जाणीव आहे. तुमचे अंदाज वाचून वाचूनच थोडंफार समजलं. मार्च-एप्रिलमध्ये जमीन तापते. बंगालच्या उपसागराकडून ओलसर वारं येतं, उत्तरेकडून कोरडं येतं आणि दोन्हींची गाठ आमच्या डोक्यावर पडते. विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकावरून खाली दक्षिणेकडे जाणारा कमी दाबाचा पट्टा, हे शब्द आता आमच्याकडच्या पारावरही ऐकू येतात. तो पट्टा चार दिवस राहणार, हे तुम्ही आधी सांगता आणि ते बहुतेक वेळा खरं ठरतं. पण त्या पट्ट्यात उठणारा एकेक ढग काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि अर्ध्या-एक तासात मोकळा होतो. तो नागजवर फुटणार की जुनोनीवर, हे आदल्या दिवशी जगात कुणीच सांगू शकत नाही. 2025 च्या मे महिन्यात सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली, तेव्हा आम्हाला मनापासून आनंद झाला. त्याआधी ऑक्टोबर 2024 मध्ये ग्रामपंचायतीच्या पातळीवर अंदाज द्यायला सुरुवात झाली, त्याचाही झाला. तरीही वळवाचा ढग पकडायचा तर तो उठल्यावरच, रडारवर आणि उपग्रहाच्या चित्रात. म्हणूनच तुमचा तीन तासांचा तातडीचा इशारा आमच्यासाठी चार दिवसांच्या अंदाजापेक्षा मोलाचा आहे. या पत्रात मी मुख्यतः त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

एका एप्रिलमधली गोष्ट सांगतो. सकाळी सातला चहा घेत असताना गावच्या ग्रुपवर संदेश आला: पुढील तीन तासांत सांगली, सोलापूर, साताऱ्यात तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस, सोसाट्याचा वारा. सकाळी सातला वळीव येत नाही, हे आमच्या आजोबांनाही ठाऊक होतं. पण आकाशात थोडं आभाळ होतं आणि सहा दिवसांचा माल जाळीवर होता. जोखीम नको म्हणून पडदे सोडले. दहा वाजले, काही नाही. तेवढ्यात तोच संदेश दुसऱ्या ग्रुपवरून आला. म्हणजे पुन्हा तीन तास. एक वाजता मामेभावानं पाठवला, पुन्हा तोच. बाहेर ऊन असं की नजर ठरेना, आत शेडमध्ये भट्टी. मण्यांवर ओल दिसायला लागली, तेव्हा साडेतीनला पडदे वर घेतले.

साडेचारला परत संदेश आला. शब्द तेच, जिल्हे तेच. मी वाचलाच नाही. शेजारच्या शेडवाल्यानंही वाचला नाही. सकाळपासून फिरणारा शिळा संदेश आहे, असंच सगळे समजून चालले.

तो खरा होता. साडेपाचला पूर्वेकडून धुरळा उठला. आधी वारा येतो, मग मातीचा वास, मग थेंब, हा क्रम आमच्या अंगवळणी पडलेला. वारा आला तेव्हा आम्ही पडद्यांच्या दोऱ्या सोडत होतो. दोन बाजूंचे पडदे खाली आले, तिसरा वाऱ्यानं हातातून हिसकावून नेला. वीस मिनिटं पाऊस पडला. नंतर आकाश स्वच्छ, चांदणं पडलेलं. आणि पूर्वेकडच्या कडेच्या अकराही जाळ्यांवरचा माल निथळत होता. रात्री बायको आणि मी बॅटरीच्या उजेडात ओला माल हातानं बाजूला करत बसलो. बोलण्यासारखं काही नव्हतं.

सकाळचा संदेश आदल्या संध्याकाळचा होता, हे मागाहून कळलं. मूळ इशाऱ्यावर तारीख आणि वेळ असते. पण ती असते वरच्या ओळीत. कुणीतरी खालचा मजकूर तेवढा उचलला, कुणीतरी पुढं धाडला, आणि वेळ वाटेत गळून पडली. पुढं पाठवणाऱ्यानंही चांगल्या मनानंच पाठवला होता. मला इथं कुणाला बोल लावायचा नाही. पण इशारा लिहितानाच तो असा लिहिता येईल की कितीही हातांतून गेला तरी त्याची वेळ त्याच्यापासून सुटणार नाही.

म्हणून पहिली आणि सगळ्यांत मोठी विनंती: वेळ वाक्याच्या पोटात घाला. ‘पुढील तीन तासांत’ हे शब्दच काढून टाका. त्या जागी ‘आज, मंगळवार, संध्याकाळी साडेचार ते साडेसात’ असं लिहा. वार लिहाच, कारण आमच्याकडं तारखेपेक्षा वार लक्षात राहतो. शेतातला माणूस मंगळवार म्हणजे कुठला बाजार ते लगेच सांगेल, तारखेला त्याला कॅलेंडर बघावं लागतं. एवढं केलंत तर शिळा संदेश वाचताक्षणीच शिळा कळेल आणि ताजा संदेश ताजा. याला नवं यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. संगणकातला ठरलेला मजकूर एकदा बदलायचा आहे.

दुसरी विनंती याच्याच पाठची. ढग विरला, दुसरीकडं सरकला किंवा पडून मोकळा झाला, की तसं कळवा. ‘कवठेमहांकाळ, जत भागातला इशारा संध्याकाळी सहा वाजता मागे घेतला आहे’, एवढी एक ओळ. इशारा देणारे संदेश आमच्याकडं रोज येतात, तो उठल्याचं सांगणारा क्वचितच येतो. तुम्हाला वाटेल, पाऊस आला नाही तर लोकांना आपोआप कळेलच. आम्हाला नाही कळत. आकाश काळं असतं, लांब गडगडत असतं, आणि आत बेदाण्याला घाम फुटत असतो. त्या वेळी ‘उघडा’ असं सांगणारं कुणीतरी हवं असतं.

आता तालुक्यांबद्दल. नागज सांगली जिल्ह्यात, जुनोनी सोलापूर जिल्ह्यात. दोन्हीकडच्या शेड एकाच माळावर आहेत म्हटलं तरी चालेल. इशारा निघतो जिल्ह्यावार. सोलापूरला नारंगी आणि सांगलीला पिवळा असला की हद्दीच्या अलीकडचा शेतकरी निर्धास्त राहतो. सोलापूर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या अक्कलकोटसाठी दिलेला नारंगी जुनोनीवाल्याला उगाच घाबरवतो आणि सांगोल्यावरून येणारा ढग नागजवाल्याला गाठतो. तीन तासांच्या इशाऱ्यात तालुक्यांची नावं आली, आणि ढग कुठून कुठे सरकतोय हे अर्ध्या वाक्यात आलं, तर आम्हाला पुरे. ‘सांगोल्याकडून पश्चिमेला सरकतोय’ एवढं वाचलं की पुढचं आम्ही ओळखतो. किती वेळात पोहोचेल याचा हिशेब करायला माळावरच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

हवामानाचे खासगी अंदाज सांगणाऱ्यांच्या मागे शेतकरी का जातो, यावर शहरात बरीच चर्चा होते. अंधश्रद्धा, अडाणीपणा असं काहीबाही म्हणतात. मला त्याचं कारण साधं दिसतं. त्या अंदाजात त्याच्या तालुक्याचं नाव असतं, वार असतो आणि बोलणं त्याच्या घरातलं असतं. तो अंदाज चुकला तरी त्याला वाटतं की कुणीतरी आपल्याशी बोललं. तुमच्याकडं शास्त्र आहे, दीडशे वर्षांचा अनुभव आहे. 1875 साली स्थापन झालेला तुमचा भारतीय हवामान विभाग, 1928 मध्ये त्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून तर आजही पुणेकर तिथल्या चौकाला सिमला ऑफिस म्हणतात. एवढ्या मोठ्या घराण्याचा आवाज आमच्या बांधापर्यंत येताना कोरडा होऊ नये, असं फार मनापासून वाटतं.

‘तुरळक ठिकाणी’ या शब्दाचंच बघा. तुमच्या लेखी त्याला नेमका अर्थ आहे: त्या भागातल्या पाऊसमापकांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत ठिकाणी पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, त्यावर ‘बऱ्याच ठिकाणी’ पंचाहत्तरपर्यंत. हे मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि कळल्यावर वाईट वाटलं. आम्ही इतकी वर्षं ‘तुरळक’ म्हणजे थोडासा पाऊस असं समजत होतो. तो शब्द किती जागी पडणार याचा आहे, किती पडणार याचा नाही. तुरळक ठिकाणी पडणारा पाऊस ज्याच्या शेडवर पडतो, त्याच्यासाठी तो धो धोच असतो. ‘शंभर गावांपैकी फार तर पंचवीस गावांत, पण पडेल तिथं जोरात’ असं मराठीत सांगितलं तर कुणाची दिशाभूल होणार नाही.

उन्हाबद्दलही एक गोष्ट मनात आहे. उष्णतेच्या लाटेचा नियम असा की सपाट प्रदेशात पारा किमान 40 अंशांवर जायला हवा आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त हवा. किनारपट्टीला हा आकडा 37 आहे, म्हणून 2025 च्या फेब्रुवारीअखेरीस मुंबई आणि कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळाला. देशात 1901 पासूनच्या नोंदींत तो फेब्रुवारी सरासरी तापमानाच्या बाबतीत सगळ्यांत उष्ण ठरला. त्याआधी 2023 चा फेब्रुवारी कमाल तापमानात सगळ्यांत वर होता. आमच्याकडं फेब्रुवारीत 37-38 अंश झाले तरी ती लाट होत नाही, म्हणून इशाराही नाही. पण अंगाला अजून उन्हाची सवय लागलेली नसते. डिपिंगच्या टाकीपाशी वाकून दिवसभर क्रेट उचलणाऱ्या बायका दुपारी दोनला चक्कर येऊन खाली बसतात. मे महिन्यात त्याच उन्हात त्याच बायका काम करतात, कारण तोवर शरीर तयार झालेलं असतं. नियम बदला असं मी म्हणत नाही, त्यामागं तुमचा विचार असेल. पण रोजच्या अंदाजात ‘नेहमीपेक्षा पाच अंश जास्त, दुपारी बारा ते चार उघड्यावरची कामं टाळा’ ही ओळ अवेळी पडणाऱ्या उन्हालाही मिळावी. ती आली तर आम्ही डिपिंग पहाटे धरू. मालक लोकांनाही मग सबब उरणार नाही. मी स्वतः मालक आहे, म्हणून हे बोलतोय.

जिल्हा प्रशासनातल्या मंडळींना वेगळं सांगायचं आहे. तुमचा मोबाईलवरचा संदेश आमच्यापर्यंत येतो. शेडवर काम करणाऱ्यांपर्यंत तो येतोच असं नाही. कुणाचा फोन घरी चार्जिंगला असतो, कुणाचे हात कार्बोनेटच्या पाण्यात असतात, आणि परराज्यांतून आलेल्या कित्येकांना मराठी वाचता येत नाही. शेडचा सांगाडा लोखंडी अँगलचा, माळ मोकळा, आसपास उंच असं दुसरं काही नाही. वीज पडायची तर पहिलं बोट आमच्याकडंच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मी वापरतो. आपल्या आसपास नुकतीच वीज कुठं पडली ते त्यात दिसतं, आणि त्याचा उपयोग झालेला आहे. पण एका माणसानं ॲप बघून सगळ्या माळाला ओरडून सांगायचं, ही काही व्यवस्था झाली नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीकडं स्पीकर आहे. पाणी सुटणार असलं, पट्टी भरायची असली, कुणी वारलं, की त्यावरून सांगतात. विजांचा तातडीचा इशारा आला की ग्रामसेवकानं किंवा पोलीस पाटलानं त्याच स्पीकरवरून मराठीत आणि हिंदीत, वेळेसकट, सांगावं असा नियम करा. आवाज माळावर लांबपर्यंत जातो. बायकांच्या हातातलं काम थांबतं ते आवाजानं.

शेवटची विनंती पुन्हा शास्त्रज्ञांना. पावसाळ्याआधीचा हा हंगाम संपला की आमच्या विभागासाठी एक पान काढा. किती दिवस इशारा दिला होता, त्यांतल्या किती दिवशी खरंच गडगडलं, किती वेळा इशारा नसताना ढग फुटला. तुम्ही तुमच्यात असा ताळा घेत असालच, तो आम्हालाही दाखवा, मराठीत. चुका दिसतील म्हणून संकोच करू नका. आम्ही दरवर्षी बेदाण्याच्या सौद्यात सगळ्या बाजारासमोर ताटात माल ओततो, काळा मणी असला तर तोही दिसतो. त्यानं व्यापारी पळून जात नाही, उलट कोणत्या मालाला किती भाव द्यायचा ते त्याला कळतं. दहापैकी सहा इशारे खरे ठरतात असं आम्हाला माहीत झालं, तर पडदे पूर्ण सोडायचे की अर्धे, चार माणसं थांबवायची की दोन, हे आम्ही त्या हिशेबानं ठरवू. आज आम्ही ते अंदाजपंचे ठरवतो.

मला हवा असलेला संदेश इथं लिहूनच देतो, म्हणजे गैरसमज नको:

‘आज मंगळवार, संध्याकाळी साडेचार ते साडेसात. कवठेमहांकाळ, जत, सांगोला तालुके. विजा आणि जोराचा वारा, वीस-पंचवीस मिनिटांचा जोरदार पाऊस काही गावांत. ढग पूर्वेकडून पश्चिमेला सरकत आहे. पुढची खबर साडेसहाला.’

‘पुढची खबर साडेसहाला’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. पुढं काय होईल ते तुम्हाला या क्षणी ठाऊक नसेल, तरी तुम्ही परत कधी बोलणार आहात एवढं कळलं तर माणूस तोवर धीर धरतो.

आता पावणेपाच झालेत. पूर्वेला जुनोनीच्या वरच्या अंगाला ढगाचा माथा दिसतोय, फुलकोबीसारखा, कडा अजून पांढऱ्या आहेत. वारा पडलाय. तीन बाजूंचे पडदे कमरेपर्यंत सोडून ठेवलेत, चौथी बाजू उघडी आहे. दोन माणसं दोऱ्यांपाशी बसवली आहेत आणि फोन खिशात न ठेवता समोर क्रेटवर ठेवलाय.

आपला,
कवठेमहांकाळ तालुक्यातला एक बेदाणा उत्पादक